साडेतीन इंचांचं अंगण

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणाही मोठ्या माणसाच्या हातात कागद-पेन देऊन 'काढा काहीतरी' म्हटलं, की दोन गोष्टी हमखास होतात. 'मला चित्रकला येत नाही हं' असं आधीच सांगून टाकलं जातं आणि पाठोपाठ खोडरबर मागितला जातो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी कितीतरी चांगले चित्रकार घडवले, हे खरं. पण वस्तुचित्रातला तांब्या एका अंगाला कलला म्हणून 'सी' श्रेणीवर समाधान मानलेली किंवा त्या परीक्षेच्या वाटेलाच न गेलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी जो छोटा गट जमतो, तो बराचसा अशाच मंडळींचा आहे. तिथे आम्ही नक्षी काढतो आणि खोडरबर खोलीत येऊ देत नाही.

ही पद्धत अमेरिकेतून आलेली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मारिया थॉमस या सुलेखनकार आणि त्यांचे जोडीदार रिक रॉबर्ट्स यांनी ती या शतकाच्या पहिल्या दशकात बांधली आणि तिला 'झेंटँगल' असं नाव दिलं. एका मोठ्या सजवलेल्या अक्षरामागे मारिया बारीक नक्षी भरत बसल्या होत्या. काम करताना वेळेचं भान सुटतं, मन निवांत होतं, हे त्यांनी रिकना सांगितलं. रिकनी पूर्वी काही काळ संन्यस्त आयुष्य घालवलेलं. ते म्हणाले, तू सांगतेस ते ध्यानाचंच वर्णन आहे. मग त्या तंद्रीपर्यंत कुणालाही नेता येईल अशा पायऱ्या दोघांनी पाडल्या. पुढे शिक्षक तयार करण्याचे वर्ग निघाले, पुस्तकं आली, नावाचं व्यापारचिन्ह झालं. अमेरिकेत ध्यानालाही नोंदणी क्रमांक मिळतो, याचं मला हसू येतं. पण पायऱ्या पाडणाऱ्याला शिकवायचं म्हणजे काय हे नेमकं कळलं होतं, हेही कबूल करायला हवं.

कागदाचा चौरस साडेतीन इंचांचा. आपल्याला साडेतीन मुहूर्त माहीत, साडेतीन शक्तिपीठं माहीत, त्यात ही एक भर. चार कोपऱ्यांत पेन्सिलीने चार ठिपके द्यायचे. ते हलक्या हाताने जोडले की चौकट होते. चौकटीच्या आत पेन्सिलीचीच एक वेडीवाकडी रेघ फिरवायची, म्हणजे कागदाचे तीनचार तुकडे पडतात. आता पेन घ्यायचं आणि एकेका तुकड्यात एकेक नक्षी भरायची. रेषा मोजक्याच: ठिपका, सरळ रेघ, साधा बाक, दुहेरी बाक आणि गोल. शेवटी पेन्सिलीची छाया देऊन ती बोटाने किंवा कागदाच्या गुंडाळीने पसरवायची, कोपऱ्यात आद्याक्षरं घालायची आणि कागद हातभर लांब धरून बघायचा. मूळ पद्धतीत ०.२५ मिलिमीटर टोकाचं जपानी पेन आणि इटलीचा जाड सुती कागद वापरतात. आम्ही आयव्हरी शीट कापून घेतो आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळेल ते बारीक, न फुटणाऱ्या शाईचं पेन वापरतो. बाँड पेपरच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यावर शाई पसरते आणि नवख्या माणसाला वाटतं, आपलाच हात बिघडला.

यातली 'हॉलिबॉ' नावाची नक्षी पहिल्या दिवशी शिकवायला फार चांगली. एका तुकड्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत दोन समांतर रेघा काढायच्या, म्हणजे एक पट्टी झाली. दुसरी पट्टी तिरकी काढायची. तिच्या रेघा पहिल्या पट्टीपाशी येऊन थांबतात, पेन उचललं जातं आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. तिसरी पट्टी या दोन्हींच्या मागून जाते, चौथी तिघींच्या. नियम एवढाच: नवी पट्टी नेहमी मागून. पाचसहा पट्ट्या झाल्या की उरलेल्या फटी काळ्या करायच्या. फटी काळ्या होईपर्यंत कागदावर नुसता रेघांचा गुंता दिसत असतो. शेवटची फट भरली की पट्ट्या एकाएकी वर उचलल्यासारख्या दिसतात आणि टेबलाभोवती 'अरेच्चा' उमटतो. खोलीचा आभास कसा तयार होतो यावर एरवी व्याख्यान द्यावं लागलं असतं. इथे हाताला तो आधी कळतो.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो खोडरबराचा अभाव. रेघ चुकली, पट्टी वाकडी गेली, तर पुढची तिच्याशी जुळवून घेते. आमच्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी येतात. आले तेव्हा खिशात सहा इंची पट्टी होती. पहिल्या नक्षीत एक रेघ घसरली तसे ते म्हणाले, "ताई, दुसरा कागद द्या." मी म्हटलं, "काका, या रेघेसारख्या अजून चार काढा." त्यांनी नाइलाजाने काढल्या आणि घसरलेली रेघ कुठली हे पंधरा मिनिटांनी त्यांनाच सापडेना. ती पट्टी अजून त्यांच्या खिशात असते, पण बाहेर निघत नाही.

या साऱ्याचा मनावर खरंच परिणाम होतो का, यावर गेल्या वीसेक वर्षांत बरंच लिहिलं गेलंय. त्यातला गाजलेला प्रयोग २००५ मधला, इलिनॉयच्या नॉक्स कॉलेजमधल्या नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांचा. त्यांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी भीतीच्या आठवणी लिहायला लावून थोडं अस्वस्थ केलं. मग तीन गट पाडून कुणाला मंडलाची आकृती रंगवायला दिली, कुणाला चौकड्यांची, तर कुणाला कोरा कागद आणि मनात येईल ते करायची मोकळीक. मंडलाचं माहात्म्य कार्ल युंग यांच्यापासून चालत आलेलं. १९१८ च्या सुमारास लष्करी सेवेत असताना ते रोज सकाळी वहीत छोटं मंडल काढत. त्यामुळे मंडल बाजी मारणार, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मंडल आणि चौकड्या जवळजवळ सारख्याच उपयोगी ठरल्या. मागे पडला तो कोरा कागद. नंतर २०१२ मध्ये तसाच प्रयोग पुन्हा झाला, त्यात मंडल चौकड्यांपेक्षा सरस ठरलं. म्हणजे मंडलाचा दावा पुरता निकालात निघालेला नाही. कोऱ्या कागदाची हार मात्र दोन्हीकडे दिसते.

प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांचा २००९ मधला प्रयोगही असाच. चाळीस माणसांना फोनवरचा एक अतिशय रटाळ निरोप ऐकवला. त्यातल्या अर्ध्यांना ऐकता ऐकता पेन्सिलीने गिरगोटायचं काम दिलं होतं. त्यांना निरोपातलं २९ टक्के जास्त आठवलं. 'मीटिंगमध्ये गिरगोटत बसा, लक्ष वाढतं' असा त्याचा प्रसार झाला. पण त्या लोकांनी मनाला येईल ते गिरगोटलंच नव्हतं. कागदावर आधीच छापलेले चौकोन आणि गोल त्यांना भरायचे होते. इथेही आखलेलं, ठरलेलं काम होतं, हे बातम्यांतून गळालं.

आखून दिलेलं काम कोऱ्या कागदापेक्षा मनाला जास्त निवांत करतं, या माझ्या तर्काला छेद देणारा पुरावाही आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ जणांना ४५ मिनिटं माती, कोलाज, मार्कर यांतून हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांचं ते उतरलं. कला येणारा आणि न येणारा यांत फरक पडला नाही. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. नुसतं पाऊण तास शांत बसूनही थोडंफार उतरलं असतं की काय, हे त्यातून कळत नाही. एकूण काय, थोड्या माणसांवरचे, थोड्या वेळाचे हे प्रयोग आहेत. त्यांच्या भरवशावर कुणाला 'गोळ्या बंद करा आणि नक्षी काढा' सांगणं हा निव्वळ चावटपणा होईल. चिंतेचा आजार असलेल्या माणसाने डॉक्टरकडेच जावं. गटात अवश्य यावं, पण डॉक्टरांना सोडून नव्हे.

तरीही कोरा कागद का छळतो, हे आपल्याला परक्या प्रयोगशाळेने सांगायची गरज नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांनी कोऱ्या अंगणात रांगोळी काढलीच नाही. आधी ठिपके घातले. दिवाळीत बाजारात मिळणाऱ्या पातळ पुस्तिका उघडा: 'पंधरा ते आठ, मधले ठिपके' एवढं लिहिलं की कळतं, मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, दोन्ही बाजूंना एकेक कमी करत आठवर यायचं आणि प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या मधल्या जागेत टाकायचे. ठिपके हाताने घालायचा कंटाळा म्हणून वर्तमानपत्राच्या घडीवर उदबत्तीने भोकं पाडून कागद केलेले कितीतरी जणींना आठवत असतील. भोकाच्या कडा तपकिरी व्हायच्या आणि घरभर चंदनाचा वास सुटायचा. त्या कागदावर शिरगोळ्याची पूड टाकून हात फिरवला की खाली ठिपक्यांची रांग तयार. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून रेघ सोडायला मुली तिथेच शिकल्या आणि एकट्या शिकल्या नाहीत. एकीने ठिपके मोजायचे, दुसरीने जोडायचे, तिसरीने 'ए, तिकडे एक राहिला' म्हणून ओरडायचं. हल्ली दिवाळीत हॉल घेऊन भरवलेल्या प्रदर्शनांत नेत्यांच्या आणि नटांच्या हुबेहूब रांगोळ्या असतात. कौशल्य अफाट, पण त्या बघायच्या असतात. ठिपक्यांची रांगोळी काढायची असते.

ठिपक्यांच्या या व्यवस्थेत किती गणित दडलंय, हे तमिळ कोलममुळे जगापुढे आलं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७० च्या दशकात कोलमच्या आकृत्या संगणकशास्त्रातल्या व्याकरणाच्या नियमांत बसवून दाखवल्या. ठिपक्यांना वळसे घालत जाणारी एकच अखंड रेघ कुठल्या नियमांनी वाढते, हे त्यांनी मांडलं. अमेरिकी गणिती मार्शिया अॅशर यांनी २००२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. पूर्व अंगोलातले चोक्वे लोक वाळूत बोटांच्या टोकांनी ठिपके उमटवून त्यांच्याभोवती न थांबता रेघ फिरवत गोष्ट सांगतात. त्या 'सोना' आकृत्यांचं गणित मोझांबिकमध्ये राहून पाउलुस गेर्डेस यांनी अभ्यासलं. वानुआटूच्या वाळूतल्या रेखाटनांना युनेस्कोने २००३ मध्ये मान्यता दिली. एवढ्या दूरदूरच्या लोकांनी आधी जाळं आखलं आणि मग रेघ सोडली. हात मोकळा सुटावा म्हणून आधी त्याला थोडं बांधून घ्यावं लागतं, असं मला या सगळ्यातून वाटतं आणि आमच्या खोलीत ते दर वेळी दिसतं.

गट मात्र लहान हवा. एका टेबलाभोवती सहासात जण. सगळ्यांना शिकवणाऱ्याचा हात दिसायला हवा, नुसता फळा दिसून भागत नाही. पट्टी काढताना पेन कुठे उचललं, किती हळू ओढलं, हे बघूनच कळतं. गट मोठा झाला की दोन जण भराभर पुढे जातात, दोन मागे राहून ओशाळतात आणि शिकवणारी धावपळ करू लागते; मग ध्यानबिन सगळं गुंडाळलं जातं. आणखी एक पथ्य मी कसोशीने पाळते: दुसऱ्याच्या कागदावर स्वतःची रेघ काढून दाखवायची नाही. समजावायचं असेल तर आपल्या कागदावर. शिक्षकाने हातातला ब्रश काढून घेतल्याची आठवण या वयातही लोकांना टोचते. बोलण्यावर मात्र बंदी नाही. सुरुवातीला सुनांचे, सोसायटीच्या मीटिंगचे विषय चालू असतात. दुसऱ्या नक्षीपर्यंत ते आपोआप विरतात आणि विरले नाहीत तरी कुणी दटावत नाही.

शेवटी सगळे चौरस टेबलाच्या मधोमध कडेला कड लावून मांडायचे. ही प्रथा मूळ पद्धतीतलीच. सुटा कागद पाहताना माणूस स्वतःच्या चुका मोजतो. सगळे जुळले की आपला कोणता हेच शोधावं लागतं. 'तुझा छान, माझा बंडल' हे शाळेतलं पालुपद तिथे बरंचसं थांबतं. पूर्ण थांबत नाही, कारण आमच्याकडे एक काकू आहेत, त्यांना पहिला नंबर हवाच असतो.

हल्ली आम्ही पुस्तकांतल्या नक्ष्यांवर फारसं अवलंबून राहत नाही. दर वेळी एक जण आसपासची नक्षी शोधून आणतो, तिच्या पायऱ्या पाडतो आणि बाकीच्यांना शिकवतो. बाल्कनीच्या ग्रिल झाल्या, खणाचं कापड झालं, एस.टी. स्टँडवरची सिमेंटची जाळी झाली. मागच्या खेपेला नागपूरच्या एका आजींनी करवतकाठ आणला. दोन समांतर रेघा, खालच्या रेघेवर सारख्या अंतराने ठिपके, त्यांच्या मधोमध वरच्या रेघेवर ठिपके, मग खालून वर, वरून खाली तिरक्या रेघा आणि एक सोडून एक त्रिकोण काळा. सोपं वाटलं. पण बँकवाल्या काकांनी आधी वरचेच त्रिकोण भरले, तिघींनी खालचे, आणि एका मुलीचे दात मध्येच गोलावले. आजींनी पदर पुढे ओढून खरा काठ दाखवला, "असा असतो." काका म्हणाले, "आजी, मग माझा उलटा झाला की." आजींनी चष्मा वर करून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, उलटा कसला, लुगडं फिरवून नेसलं की हाच काठ; पण त्या मुलीचं ते काय झालंय, ते मला शिकवा.