मोहाचा पंचनामा कोण करणार?

चैत्रात गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात पहाटे निम्मं गाव झाडाखाली असतं. मोहाची फुलं रात्रीतून गळतात. ऊन चढायच्या आत वेचून अंगणात वाळत घालायची. कुठलं झाड कोणत्या घरानं वेचायचं, हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. या वाळवणावर अवकाळी पाऊस पडला, की फुलं काळी पडतात आणि व्यापारी भाव पाडतो.

मे महिना तेंदूपत्त्याचा. सत्तर पानांचा एक पुडा बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. पेरणीआधी हातात रोकड देणारं हे काम गारपिटीनं पानं फाटली की बुडतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथं पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यामुळे बायका आणखी अंधारात निघतात. ती वाघाच्या फिरण्याची वेळ. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. हवामानाची चर्चा करताना पहाटेची ही मजुरी कुणाच्या ध्यानात असते?

माडिया गोंडांमध्ये पंडुम या सणाची पूजा झाल्याशिवाय नवं फळ तोंडात घालत नाहीत. त्यामुळे फळ झाडावर पिकतं, बी जमिनीत पडतं. मला हा रिवाज जंगल राखण्याचा कायदाच वाटतो. पण वादळानं कैऱ्या आधीच झाडून नेल्या, तर पूजेच्या दिवसापर्यंत थांबायचं कशासाठी? ऋतू बिघडला की असा संयमही सुटतो.

वेचणं सोपं व्हावं म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात ती आग जंगलभर पसरते. वनखात्याच्या नुसत्या बंदीनं ती थांबत नाही; जंगल आपलं आहे असं गावाला वाटलं तर थांबते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी, किती तोडायचा, हे तिथं ग्रामसभा एकमतानं ठरवते. बदलत्या ऋतूंशी जुळवून घ्यायला असं निर्णयाचं बळ गावाकडे असावंच लागतं.

पण नुकसान सोसायचं एकट्या गावानं, हे न्यायाचं नाही. याच चंद्रपुरात २९२० मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे. त्या विजेवर राज्यभरचे कारखाने आणि पंखे चालतात, आणि कोळशाच्या त्याच धुराचा ऋतू बिघडवण्यात हात असतो. गारपिटीनंतर तलाठी धानाचा पंचनामा करतो, अंगणात कुजलेल्या मोहाचा होत नाही, कारण मोह सातबाऱ्यावरचं पीक नाही. शासनानं मोह आणि तेंदूची नुकसानभरपाई सुरू करावी, आणि नुकसान मोजण्याचा अधिकार ग्रामसभेला द्यावा.