पावडरीखाली काय आहे?

पावडर कोटिंग केलेल्या फाटकाला फोड आले, पापुद्रे सुटू लागले, की पहिला संशय पावडरीवर जातो. बहुतेक वेळा दोष पत्र्याच्या तयारीत असतो. ही तयारी म्हणजे मुख्यतः फॉस्फेटिंग. बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये फॉस्फोरिक आम्लाने लोखंडाचा गंज रोखण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही विद्या कारखान्यांत रुळली.

आयर्न फॉस्फेट हा तिचा स्वस्त, सुटसुटीत प्रकार. पत्र्याचंच थोडं लोखंड विरघळून त्यावर निळसर-सोनेरी झाकेचा पातळ थर बसतो. चौरस मीटरला एक ग्रॅमही भरत नाही. घरातलं कपाट, ऑफिसातले रॅक यांना तो पुरतो.

झिंक फॉस्फेटचं काम वेगळं. इथे पत्र्यावर जस्ताच्या फॉस्फेटचे करडे स्फटिक दाटीने उगवतात, चौरस मीटरला साधारण २ ते ४ ग्रॅम. पावडर त्यांना घट्ट धरते आणि ओरखडा पडला तरी गंज रंगाखालून सहज सरकत नाही. मात्र आधी टायटॅनियमयुक्त द्रावणात बुडवून पत्रा ‘जागा’ केला नाही, तर स्फटिक जाडेभरडे होतात आणि पकड सैल पडते. शिवाय टाकीच्या तळाशी गाळ साचतो. तो काढणं आणि त्याची नीट विल्हेवाट लावणं हा रोजचा खर्च.

भोसरीपासून अंबडपर्यंतच्या वसाहतींत ‘सेव्हन टँक’ हा शब्द सर्रास ऐकू येतो: तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेट आणि मधली धुणी. कस लागतो तो या धुण्यांतच. टाकीतून वर काढलेल्या जॉबवर पाण्याचा सलग पडदा राहिला तर पत्रा स्वच्छ. पाणी तुटून थेंब झाले तर तेल शिल्लक आहे. धुण्याचं पाणी वेळेवर बदललं नाही, तर उरलेले क्षार रंगाखाली ओल ओढतात आणि फोड येतात. लेझरने कापलेल्या कडांवरची ऑक्साइडची पापडी आधी घासून काढावी लागते, कारण तिच्यावर फॉस्फेट धरतच नाही.

झिर्कोनियमची नवी पद्धत फॉस्फेटशिवाय, टाकी न तापवता चालते. थर नॅनोमीटरांत मोजावा इतका पातळ, गाळ नगण्य, इंधनाची बचत. पण पत्रा आणि पाणी, दोन्ही अधिक स्वच्छ हवं. झिंक फॉस्फेटसारखी चूक ती पोटात घालत नाही.

कोकण किंवा गोव्यातल्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या फाटकासाठी झिंक फॉस्फेटच मागून घ्यावं. दर ठरवतानाच सॉल्ट स्प्रे चाचणीचा अहवालही मागावा: ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात किती तास, आणि ओरखड्यापासून गंज किती मिलिमीटर सरकला.