तुरीला निरोप देताना

बार्शीच्या आमच्या आडत दुकानामागे धान्याची वखार आहे. चौदा वर्षांपूर्वी पौष महिन्यात, तुरीची आवक ऐन भरात असताना, गोण्यांच्या थप्पीआड कुडकुडत बसलेले एक पिल्लू हमालांना सापडले. रंग तुरीच्या दाण्यासारखा तांबूस. धरायला जावे तर दोन थप्प्यांमधल्या फटीतून निसटून जाई. ‘हिने तर आपल्या हातावर तुरी दिल्या,’ असे दिवाणजी हसून म्हणाले आणि तेच तिचे नाव पडले.

तुरी आमच्या घरची झाली ती घरच्या रीतीसह. सूर्यास्तापूर्वी आमची पाने वाढली जात, तेव्हाच तिची दूध-भाकरीही निघे. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात हे पुढे पशुवैद्यांकडून कळले, तेव्हा आईला फार समाधान वाटले. आमच्या स्वयंपाकघरात ते कधी आलेच नव्हते. मनुका आणि द्राक्षे मात्र तिला मुळीच द्यायची नाहीत, हेही त्याच दिवशी कळले.

एक गोष्ट येथे प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. पहिली दोन वर्षे आम्ही तिला रात्री वखारीच्या फाटकाशी साखळीने बांधत असू. राखण होते, एवढाच आमचा हिशेब. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शिकून ती घरी आली: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जेवताना तिने विचारले, “पप्पा, यातला पहिला अतिचार आपल्या फाटकालाच बांधलेला आहे ना?” मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी ती साखळी भंगारात गेली. तुरीने राखण सोडली नाही. ती मोकळेपणी वखारीभोवती फिरू लागली.

गेल्या चैत्रात ती वारंवार पाणी पिऊ लागली. मी उन्हाळ्यावर बोट ठेवले आणि मोकळा झालो. वैशाखात तिच्या फासळ्या दिसू लागल्या. तेव्हा ‘वय झाले’ म्हटले. श्रावणात तिने भाकरीकडे पाठ फिरवली आणि मग कुठे आम्ही तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासल्यावर पशुवैद्य म्हणाले, “मूत्रपिंडे थकली आहेत. बराचसा भाग निकामी झाल्याखेरीज लक्षणे नीट दिसत नाहीत. पण पाण्याची ही तहान म्हणजे पहिली सूचना होती.” मालात कीड लागण्याआधी वास ओळखणारा मी, घरातल्या जिवाची तहान ओळखू शकलो नाही. ही रुखरुख अजून जात नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात घरात तीन मते पडली.

मुलगी आता पुण्यास नोकरी करते. तिने फोनवर रडतच सांगितले, “पप्पा, तिला यातना होत असतील तर इंजेक्शन देऊन शांत करा. तिला असे तडफडत ठेवणे हीसुद्धा हिंसाच आहे.” आई म्हणाली, “जो श्वास आपण दिला नाही, तो थांबवण्याचा अधिकार आपल्याला नाही.” आणि भेटीस आलेले एक नातलग म्हणाले, “तिने अन्न सोडले आहे. ही तिची सल्लेखनाच समजा. आता काही देऊ नका.”

तिसरे मत ऐकायला सर्वांत धार्मिक वाटत होते, म्हणून मी त्यावरच अधिक विचार केला. सल्लेखना हे व्रत आहे. ते जाणून, समजून, गुरूंच्या आज्ञेने आणि स्वतःच्या इच्छेने घेतले जाते. तुरीने अन्न सोडले नव्हते. आजाराने तिला अन्नाची शिसारी आणली होती. आपण तिच्यावर व्रत लादावे आणि पाण्याचे भांडे दूर करावे, तर तो पाचवा अतिचार, अन्नपाननिरोध, झाला असता. सेवेचा कंटाळा कधी कधी वैराग्याचे वस्त्र पांघरून येतो. त्याला ओळखले पाहिजे.

मी पशुवैद्यांना सरळ विचारले, “प्राण न घेता वेदना कमी करता येतील का?” ते म्हणाले, “पुष्कळ करता येईल, पण तुम्हाला जागावे लागेल.” त्यांनी मळमळ थांबवण्याचे औषध दिले, कातडीखाली सलाईन सोडण्यास शिकवले आणि तिच्या मूत्रपिंडांना सोसेल असे वेदनाशामक ठरवून दिले. माणसांच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेततात, अशी ताकीदही दिली. आईच्या गुडघेदुखीची गोळी तिला द्यावी, असे माझ्या मनात येऊन गेले होते.

मुलगी रजा काढून आली. फरशीवर तुरीचे पाय घसरत, म्हणून तिने रिकाम्या गोण्या अंथरल्या. दर दोन तासांनी आम्ही तिची कूस बदलत होतो. ओले झालेले अंथरूण पत्नी न कुरकुरता बदलत होती. औषधाने मळमळ ओसरल्यावर तुरीने मुलीच्या हातून दोन चमचे पातळ भात खाल्ला. त्या क्षणी मुलीचा आणि आईचा वाद आपोआप मिटला. यातना आवरेनाशा झाल्या असत्या, तर आमचा निर्णय टिकला असता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्यांनी वेगळा निर्णय घेतला, त्यांना दोष देण्याचा अधिकार तर मला मुळीच नाही.

पाचव्या रात्री तिचा श्वास लांबू लागला. आईने तिच्या कानाशी णमोकार मंत्र सुरू केला. जीवंधरकुमारांची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. वादीभसिंहसूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’त ती आहे आणि तमिळ ‘जीवकचिंतामणी’तही आहे. मारहाणीने मरणासन्न झालेल्या एका कुत्र्याला जीवंधर णमोकार मंत्र ऐकवतात आणि तो जीव यक्षगतीस जातो. तुरीला त्यातले किती कळले, ते केवली जाणोत. परंतु आपले शास्त्र कुत्र्याला मन असलेला पंचेंद्रिय जीव मानते, समवसरणात तिर्यंचांना स्वतंत्र कोठा देते. मग तो आवाज तिच्यापर्यंत पोहोचला नाही, असे तरी का मानावे? पहाटेपूर्वी ती गेली. मळ्याच्या बांधावर, लिंबाखाली, चार फूट खोल खड्ड्यात तिला ठेवले. हमालांनीच खड्डा खणला आणि त्या दिवसाची मजुरी घेतली नाही.

कुत्र्यासाठी एवढे कशाला, असे बाजारात कोणी म्हणालेच. त्यांना मी मुंबईची गोष्ट सांगितली. 1832 साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री बक्षीस लावून मारण्यास आरंभ केला, तेव्हा पारशी बांधवांनी पुढाकार घेऊन बाजार बंद पाडला. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यांच्यासोबत उभे राहिले. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांच्या प्रयत्नांतून मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. कुत्र्यासाठी दुकानाची फळी लावणे ही आपल्या व्यापारी परंपरेत नवी गोष्ट नाही.

ज्यांच्या घरी वृद्ध कुत्रे आहे, अशा वाचकांना एवढीच विनंती. त्याची तहान वाढली, वजन घटले, तर वयावर ढकलू नका, लवकर दाखवा. पाणी कधीही तोडू नका. आणि अखेरच्या दिवसांत नोकरावर सोपवून दुकानी जाऊ नका. चार दिवस पेढी दुसऱ्याने सांभाळली तरी चालते.

तुरीच्या नावाने आम्ही फलक लावला नाही. दर महिन्याला पांजरपोळेत चाऱ्याची रक्कम जाते, एवढेच. सूर्य मावळतीला आला की आई अजूनही चतकोर भाकरी बाजूला काढते. मग तिच्या लक्षात येते, आणि ती भाकरी घेऊन ती वखारीच्या फाटकापर्यंत चालत जाते. तेथे हल्ली एक काळे पिल्लू येऊन बसते.