लिनक्सच्या श्रेणीवर्धनानंतर उद्भवणारे डेस्कटॉपचे दोष : कारणे व निवारण

प्रस्तावना

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ कार्यरत आहे. अशा ठिकाणी लिनक्सचा संगणक अडला, तर मदतीचा हात शेजारीच असतो. परंतु सातारा वा सांगली जिल्ह्यातील एखाद्या ग्रामीण महाविद्यालयात मराठी, इतिहास किंवा वाणिज्य विभागातील प्राध्यापकाच्या टेबलावर हीच कार्यप्रणाली असते, तेव्हा परिस्थिती निराळी होते. जुनी आवृत्ती जाऊन नवी आली, संगणक पुन्हा सुरू केला आणि पडदा काळाच राहिला, की बाजारातील दुरुस्ती करणारा बहुधा एकच उपाय सुचवितो : ‘फॉरमॅट करू.’ या एका शब्दात शोधप्रबंधाची प्रकरणे, प्रश्नपेढ्या आणि नॅकच्या अहवालाची कागदपत्रे नाहीशी होण्याची शक्यता दडलेली असते. वस्तुतः अशा बहुतेक प्रसंगी प्राध्यापकाच्या फाइली ‘होम’ फोल्डरमध्ये सुरक्षित असतात. बिघाड त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या वाटेत असतो. ही वाट कशी तपासावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

डेस्कटॉप म्हणजे एक वस्तू नव्हे

विंडोजच्या सवयीमुळे पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजेच कार्यप्रणाली, असा समज होतो. लिनक्समध्ये तसे नाही. सर्वांत खाली कर्नल, त्यावर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, त्यावर पडद्यावर चित्र रेखाटणारी व्यवस्था, नंतर नाव व पासवर्ड विचारणारा प्रवेशपडदा आणि सर्वांत वर ग्नोम किंवा केडीई यांसारखा डेस्कटॉप, अशी ही रचना आहे. केडीई प्रकल्पाची घोषणा १९९६ मध्ये आणि ग्नोमची १९९७ मध्ये झाली. चित्र रेखाटणारी एक्स विंडो प्रणाली त्याहून जुनी, १९८४ ची. हे थर निरनिराळ्या लोकांनी लिहिलेले असून श्रेणीवर्धनात सर्व एकाच वेळी बदलतात. म्हणून दोष कोणत्या थरात आहे, हे आधी ठरवावे लागते.

त्यासाठी कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळी एकत्र दाबाव्यात. केवळ अक्षरांचा पडदा उघडून नाव व पासवर्ड विचारला गेला, तर कर्नल शाबूत आहे आणि बिघाड वरच्या थरांत आहे, असे समजण्यास हरकत नाही. येथूनच पेन ड्राइव्ह जोडून महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढता येते. खरे तर ती श्रेणीवर्धनापूर्वीच काढावयास हवी. २००५ व २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना महत्त्वाची कागदपत्रे आधीच माडीवर नेऊन ठेवण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

याच अक्षरपडद्यावर दोन साध्या कारणांची शहानिशा करावी. पहिले, डिस्क भरलेली असणे. पासवर्ड स्वीकारला जातो, पडदा क्षणभर काळा होतो आणि प्रवेशपडदाच परत येतो, या लक्षणामागे अनेकदा एवढेच कारण असते. तात्पुरत्या फाइली लिहिण्यास जागा न उरल्याने सत्र सुरूच होऊ शकत नाही. ‘डीएफ’ ही आज्ञा रिकामी जागा दाखविते. दुसरे, श्रेणीवर्धन चालू असताना वीज जाणे. अशा वेळी काही पॅकेजे डिस्कवर उतरतात, परंतु त्यांची मांडणी अपुरी राहते. डेबियन, उबुंटू आणि सी-डॅकच्या बॉस लिनक्समध्ये ‘डीपीकेजी’ या साधनाकरवी हे अर्धवट काम पुढे नेता येते.

जुन्या नावाने शोध

वरील दोन्ही कारणे नसल्यास अक्षरपडद्यावरूनच एक नवा वापरकर्ता निर्माण करावा व त्याच्या नावाने प्रवेश करून पाहावा. त्याचा डेस्कटॉप सुरळीत चालला, तर कार्यप्रणाली निर्दोष असून दोष मूळ वापरकर्त्याच्या जुन्या मांडणीत आहे, हे सिद्ध होते. ही चाचणी पाच मिनिटांची आहे. तरीही ती क्वचितच केली जाते.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्याला १९६० मध्ये ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्या दशकातील दस्तऐवज सांगलीच्या नावाने शोधणाऱ्यास काहीच सापडत नाही, तरी गावे होती तेथेच असतात. ग्नोमची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये आली, तेव्हा असेच घडले. दुसऱ्या आवृत्तीची मांडणी ‘जीकॉन्फ’ या पद्धतीने साठविली जात होती. नवी आवृत्ती ती ‘डीकॉन्फ’मध्ये शोधू लागली. २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये विस्तारांची, म्हणजे एक्स्टेन्शनची, रचना बदलली आणि आधीचे विस्तार त्यावर चालेनासे झाले. म्हणून प्रथम विस्तार बंद करावेत. तेवढ्याने न भागल्यास होम फोल्डरमधील, बिंदूने सुरू होणाऱ्या ‘कॉन्फिग’ फोल्डरचे नाव बदलावे. तो पुसून टाकू नये. ब्राउझर व लिब्रेऑफिस यांची मांडणीही त्यातच असते.

नव्या वापरकर्त्यालाही काळाच पडदा दिसत असेल, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो. एनव्हीडियाचा खासगी ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलशी जुळवून घ्यावा लागतो. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब यादीतून जुने कर्नल निवडल्यावर पडदा उजळला, तर निदान पक्के झाले.

मराठी टंकलेखनाचा प्रश्न

डेस्कटॉप उघडतो, परंतु मराठी टंकित होत नाही, ही तक्रार भाषाविषयांच्या प्राध्यापकांना सर्वाधिक जाचक ठरते. तिचे मूळ चित्र रेखाटणाऱ्या थरात असते. एक्सची जागा २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने क्रमाक्रमाने घेतली. २०२५ च्या उबुंटू २५.१० मधून ग्नोमचे एक्सवरील सत्र वगळण्यात आले. कळफलक बदलण्यासाठी पूर्वी सुरुवातीलाच चालणारी एखादी आज्ञा लिहून ठेवलेली असते. ती एक्ससाठी असल्याने वेलँडवर निष्प्रभ ठरते. अशा वेळी सेटिंग्जमधील कळफलकाच्या विभागात मराठी इनस्क्रिप्ट नव्याने जोडावे, एवढेच पुरते.

जुन्या फाइलींमध्ये मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसणे, हा मात्र वेगळा प्रकार आहे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये देवनागरीची चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. तो फॉन्ट संगणकावर नसला, की मूळची रोमन अक्षरे उघडी पडतात. फाइल बिघडलेली नसते. तोच फॉन्ट पुन्हा बसविला, की मजकूर पूर्ववत वाचता येतो. परंतु फॉरमॅट करताना होम फोल्डरमधील फॉन्टही पुसला गेला आणि त्याची सीडी विभागाच्या कपाटात सापडली नाही, तर त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे भाग पडते, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार ओळीओळीने तपासावे लागतात.