संगणकी सहायकास काय सांगावे?

‘आज सकाळी घेतलेले शंभर समभाग खात्यात दिसतात का?’ हा प्रश्न पूर्वी दलालाच्या कचेरीत विचारला जाई. आता तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकास विचारता येतो. बेंगळुरूच्या झेरोधा या दलाली संस्थेने २०२५ मध्ये ‘काइट एमसीपी’ ही सेवा त्यासाठीच सुरू केली. खात्यातील माहिती आणून देणारी अनेक साधने तीत आहेत. प्रत्येक साधनासोबत साध्या भाषेतील वर्णन असते. सहायक आतील आज्ञावली पाहत नाही. नाव व वर्णन वाचूनच तो साधन निवडतो.

खरी मेख येथेच आहे. ‘होल्डिंग्ज’ आणि ‘पोझिशन्स’ अशी दोन साधने आहेत. आज घेतलेले समभाग आज ‘पोझिशन्स’मध्ये दिसतात, ‘होल्डिंग्ज’मध्ये ते पुढील कामकाजी दिवशी येतात. ‘खातेदाराचे समभाग दाखवते’ एवढेच त्रोटक वर्णन पहिल्या साधनास दिले, तर सहायक तेच उचलील आणि समभाग नाहीत असे बिनदिक्कत सांगेल. म्हणून साधन काय देते याबरोबरच काय देत नाही, आणि अशा वेळी कोणते साधन वापरावे, हेही वर्णनात लिहावे लागते. बँकेतील नवख्या लिपिकालाही ‘शिल्लक’ म्हणजे खात्यातील की काढता येण्याजोगी, हे सांगावेच लागते!

झेरोधाने ही सेवा सुरू करताना तीत खरेदी-विक्रीचे आदेश देणारी साधने ठेवली नव्हती. सहायक परस्पर खरेदी करू शकत नव्हता. परंतु चुकीचे उत्तर वाचून गोंधळलेला ग्राहक स्वतःच्या हाताने तेच समभाग पुन्हा घेऊ शकतो.