शर्यत संपल्यावर

सायकलपटू निवृत्त झाला की पुढे काय? इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन यांचंच पाहा. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. 2000 साली तासाभरात 49.441 किलोमीटर, म्हणजे एडी मर्क्सहून अवघे 10 मीटर जास्त! मग त्यांनी ब्रिटिश संघाच्या सायकली, हेल्मेट, कपडे सुधारण्याचं काम घेतलं. 2008 च्या बीजिंगमध्ये त्या संघाने सायकलिंगची 8 सुवर्णपदकं नेली.

2016 मध्ये सायकलवरून जाताना त्यांच्या आईचा अपघाती मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी ते ग्रेटर मँचेस्टरचे सायकल आणि पदपथ आयुक्त झाले, 2021 मध्ये ‘स्पोर्ट इंग्लंड’चे अध्यक्ष. पदकांपेक्षा हे काम मला मोठं वाटतं. म्हापसा-डिचोली रस्त्यावर पोराला सायकल घेऊन पाठवताना आपलाही जीव खाली-वर होतोच ना?