माळ, मालक आणि मंगळसूत्र

मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर जोगतिणी बांगड्या फोडतात. तिथल्या देवीचा, यल्लम्माचा, नवरा जमदग्नी मारला गेला, ती विधवा झाली, म्हणून तिच्या नावाने माळ घातलेल्या बायकांनीही त्या दिवशी रांडाव व्हायचं. पुढे देवी पुन्हा सवाष्ण झाली की यांचेही हात भरतात. नवरा मात्र यांना कधीच नसतो. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव, विजापूर या पट्ट्यात मुली यल्लम्माला सोडण्याची ही देवदासी प्रथा पिढ्यान् पिढ्या चालली. एचआयव्हीने या पट्ट्यात पाय ठेवला तेव्हा प्रथा, तिच्याविरुद्धचे कायदे आणि सुधारकांची चळवळ, तिन्ही तिथे आधीपासून होती. तरीही बाई उघड्यावरच सापडली. ते का घडलं, हे पाहायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

मुलगी देवीला सोडायला कारण मोठं लागत नसे. पोर सारखी आजारी पडते, केसांत जट निघाली, घरात मुलगा नाही, एवढं पुरे. जोगुळभावीत आंघोळ घालायची, अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, कपाळभर भंडारा फासायचा, लाल-पांढऱ्या मण्यांची माळ गळ्यात घालायची आणि हातात परडी देऊन पाच घरं जोगवा मागायला लावायचं. त्या दिवसापासून तिच्या लग्नाचा विषय संपला. वयात आली की गावातला एखादा ऐपतदार पुरुष झुलवा, म्हणजे लग्नासारखा विधी, लावून तिला ठेवून घेई. ती बहुधा दलित घरातली, तो बहुधा वरच्या जातीतला. ती सासरी जाणार नाही, मिळवेल ते आईबापांना घालेल, म्हणजे मुलाच्या जागी मुलगी. पुष्कळ घरांत मुलाचा वाटाही तिला मिळे. भक्तीच्या आड घरखर्चाचं गणित होतं.

सुधारकांचं लक्ष याकडे लवकर गेलं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेने खंडोबाला मुरळ्या सोडण्याला विरोध केला, विठ्ठल रामजी शिंद्यांनी जेजुरीच्या मुरळ्यांचा प्रश्न हाती घेतला, शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात कायदा केला. १९३४ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा आला. देवदासीचं लग्न कायदेशीर आणि तिची मुलं औरस, असं त्याने जाहीर केलं. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासी परिषद भरली. निपाणीतही या बायकांची संघटना उभी राहिली आणि ‘बेरड’कार भीमराव गस्तींनी ‘उत्थान’मार्फत बेळगाव भागात काम उभं केलं. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५चा. या साऱ्याचा भर दोन गोष्टींवर राहिला. माळ बांधू द्यायची नाही आणि बांधलेली असेल तर तिचं लग्न लावून द्यायचं. लग्नाला अनुदानंही मिळाली. लग्न झालं की बाई सुरक्षित, हे सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

१९८६ मध्ये मद्रासला वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या रक्तात एचआयव्ही सापडला. भारतातली ही पहिली नोंद. पुढच्या दहा वर्षांत मुंबईच्या लालबत्ती भागात निम्म्याहून अधिक बायका बाधित निघाल्या. तोवर माळेचा अर्थही पालटला होता. इनामं गेली, गावातले ठेवणारे कमी झाले आणि सौंदत्तीहून निघालेल्या मुली सांगली, मिरज, पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा कामाठीपुरा अशा वाटेला लागल्या. विषाणू याच वाटेने जत्रेच्या गावांपर्यंत परत आला.

या प्रथेने धोका किती वाढवला? कर्नाटकातल्या १,५८८ वेश्यांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या २६ टक्के बायका देवदासी प्रथेतून आलेल्या होत्या. त्यांचा धंदा सरासरी पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू झाला होता, इतर बायकांचा जवळपास बाविसाव्या. कोवळ्या वयात शरीर पुरतं तयार नसतं, इजा होते, लागण लवकर होते. शिवाय त्या वयात पुरुषाला ‘निरोध वापर’ म्हणायची ताकद कुठून यायची? धोक्याचं मूळ इथे आहे.

पण त्याच अभ्यासात दुसरीही बाजू दिसते. गिऱ्हाइकाकडून मारहाण आणि पोलिसांचा जाच देवदासींच्या वाट्याला इतरांपेक्षा बराच कमी आला होता. त्या आपल्या गावात, आपल्या घरात राहत, शेजारीपाजारी त्यांना ओळखून होते, देवीच्या नावाचा थोडाफार धाक होता. ज्या माळेने पोरीचा नकार हिरावला, तिनेच मोठ्या झालेल्या बाईला गावात पाय रोवायला जागा दिली. नुसतं ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळं झालं की ही दुसरी बाजू हातची सुटते.

सांगलीत ती हाती लागली. मीना सेशू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ मध्ये तिथल्या वेश्यावस्तीत निरोध वाटायला सुरुवात केली आणि ते काम त्याच बायकांच्या हाती सोपवलं. त्यातल्या कितीतरी यल्लम्माला सोडलेल्या होत्या. वस्तीतलीच बाई दारोदार पाकिटं देई, कोण वापरतं, कोण टाळतं, कुणाला दवाखान्यात न्यायचं याचा हिशेब ठेवी. १९९६ मध्ये याच बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापली. एकटीने हट्ट धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाई, सगळ्यांनी धरला तेव्हा त्याला जायला दार उरलं नाही.

गाडी अडली ती ‘मालका’पाशी. मालक म्हणजे धंद्यातल्या बाईचा कायमचा माणूस, तिने मनाने नवरा मानलेला. गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय हात लावू न देणारी बाई मालकापुढे गप्प होई. त्याला निरोध दाखवणं म्हणजे त्याच्यावर, नाहीतर स्वतःवर, संशय घेणं. पैशाच्या व्यवहारात तिने कमावलेला शब्द नात्यात चालत नव्हता.

लग्नाच्या बायकांची अवस्था वेगळी नव्हती. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात तपासलेल्या बायकांचा अभ्यास १९९७ मध्ये छापून आला. धंद्यातल्या निम्म्या बायका बाधित होत्या, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. ज्या धंद्यात नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित निघाल्या. बहुतेकींचा आयुष्यात एका नवऱ्यापलीकडे कुणाशी संबंध आलेला नव्हता. सुधारकांनी देवदासीला ज्या आसऱ्याला नेऊ पाहिलं, तोच आसरा गळका निघाला.

इथेही रीतिरिवाज विषाणूच्या मदतीला होतेच. पोरगा वाया चाललाय, लग्न करून द्या म्हणजे सुधारेल, या न्यायाने मुली दिल्या गेल्या. नवऱ्याला विचारायचं नसतं, हे तर तिला माहेरीच शिकवलेलं. पुढे गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी सरकारी दवाखान्यांत नेहमीची झाली. पुष्कळ घरांत आधी तिचंच रक्त तपासलं गेलं आणि रोग तिनेच आणला असं ठरलं. नवरा गेला की पांढऱ्या पायाची म्हणून तिला घराबाहेर काढलं, जमिनीचा वाटाही गेला. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं मिळू लागली, जीव वाचू लागले. पण छप्पर औषधाने मिळत नाही. २०१७च्या एचआयव्ही कायद्यात बाधित माणसाला राहत्या घरातून न काढण्याची तरतूद घालावी लागली, ती याचसाठी.

२०२२च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेच्या बांगड्या फोडण्याविरुद्ध, कुंकू पुसण्याविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारने तो उचलून धरला. हे गाव त्याच जोगतिणींच्या मुलखातलं. ठराव स्वागतार्हच. मात्र शंभर वर्षांच्या कायद्यांचा अनुभव असा, की विधी बंद करणं त्यातल्या त्यात सोपं असतं. डोंगरावर पोलीस उभे केले की माळ उघडपणे बांधली जात नाही, घरात गुपचूप बांधली जाते. पोरीची शाळा टिकली का, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं का, नवऱ्याला किंवा मालकाला ‘नाही’ म्हटल्यावर तिला मार बसतो का, हे विचारणारा बंदोबस्त जत्रेपुरता असून चालत नाही. ते काम शिक्षकाचं, तलाठ्याचं, दवाखान्यातल्या ताईंचं आणि सगळ्यात आधी घरातल्या पुरुषाचं आहे. लागण कमी झाली ती जिथे बाईच्या शब्दाला किंमत आली तिथे. सांगलीच्या बायकांनी हे करून दाखवलं आणि त्यासाठी त्यांनी आधी कुणाच्या गळ्यातली माळ मोजली नाही.